पन्हाळ्यावर उलटी चढलेली गाडी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

काल रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. का ते लिव्हते, कारण तोंडानं निघंना झालंय. आमच्या ह्यांचं मनगट मोडलं ते माझ्यामुळं. आणि आळ गेला माझ्या भावावर.

हे म्हंजे विश्वजित. नवऱ्याचं नाव लिव्हताना बी मागं वळून बघितलं, सासूबाई हायत का म्हणून.

वही माझ्या लेकीची, राजनंदिनीची, बालवाडीतली हाय. तिनं पुढच्या चार पानांवर नुसत्या रेघा वडल्यात. मी मागनं लिव्हते. सातवी शिकल्याली बाई मी, चुकलं माकलं तर चुकलं.

झालं आसं. तवनाप्पा आण्णा आमचे मालक. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांच्या शेडात जुन्या तीन गाड्या हायत. हे त्या दुरुस्त करतात, मी पुसते, आणि शेडाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही ऱ्हातो. तिन्हीतली फोर्ड आण्णांच्या आजोबांनी घेतल्याली. तिला यंदा शंभर पुरी झाली. नोव्हेंबरात पन्हाळ्यावर जुन्या गाड्यांचा मेळा हाय, तितं तिला न्यायची म्हणून आण्णा लहान पोरागत नाचायल्यात.

काल खंडेनवमी. पूजेला माझा भाऊ जोतीराम, म्हंजे दादा, कबनूरहून आलता. मी गाडीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आणि ह्यांना कुणाची नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची केली. एक लिंबू, सात मिरच्या. बाहीर बांधली की रंग जातोय म्हणून आण्णा वरडतात. म्हणून आत बांधली, स्टेरिंगच्या खाली डाव्या अंगाला बारकी दांडी हाय तिला. ती दांडी वर आसायला लागती एवढं मला ठावं हुतं. का, ते ठावं न्हवतं. लिंबाच्या वजनानं ती सरकत खाली आली.

त्या गाडीला चावी फिरवून चालू करायची सोय न्हाय. पुढं हँडल घालून फिरवायचं. ह्यांनी फिरवलं आणि हँडलनं उलटा तडाखा दिला. मनगट वाजलं ते मला चुलीपाशी ऐकू आलं.

सगळी ह्यांच्याकडं पळाली. मी गाडीकडं पळाले. लिंबू-मिरची तोडली आणि पदरात घातली.

सासूबाईंचा भाऊ हंबीरमामा तितंच हुता. दांडी खाली बघून वरडला, "कोण बसलंतं रं आत?"

दादा म्हणाला, "मी. फोटोला बसलोतो." मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "माझाच हात लागला आसंल. व्हय, लागलाच." आणि खाली वाकून कायतरी उचललं आणि खिशात घातलं. चपलंचं कायतरी निघालं आसंल.

आण्णा म्हणाले, "लई शाणा हाईस. परत माझ्या शेडात पाय ठिवायचा न्हाय."

दादा पाणी बी न पिता गेला. सणाचं पान तसंच राहिलं. खोलीत येऊन पदर सोडला तर मिरच्या सहाच.

५ ऑक्टोबर

ह्यांचा हात सहा आठवडे प्लास्टरात. आण्णा आज उशाला बसले. मला वाटलं काढून टाकत्यात. तर ते गोष्टीच सांगायला लागले.

म्हणाले, "विश्वजित, तू काय एकटा न्हाईस. शंभर वर्षांमागं हँडलनं एवढी मनगटं मोडायची की डॉक्टर लोकांनी त्या मोडीला डायवरांचं नाव दिलतं. एकोणीसशे बारा सालात बड्या गाड्यांत बटणाचा स्टार्टर आला तवा कुठं लोकांचे हात वाचायला लागले."

त्या बारक्या दांडीचं बी सांगितलं. इंजनात ठिणगी कवा पडायची ते ती ठरवती. दांडी वर आसली की ठिणगी उशिरा पडती, माणूस सुखरूप. खाली आसली की आदीच पडती आणि हँडल उलटं मारतंय. मी भाजी निवडत ऐकत हुते. चांगली मेथी टाकून काड्या भांड्यात घातल्या.

मग आण्णा हसत म्हणाले, "आणि खुद्द फोर्डसाहेबाची बायको काय चालवायची ठावं हाय? नवऱ्याची गाडी न्हवं. बॅटरीवरची. तवा बी निघालत्या की. हँडल न्हाय, धूर न्हाय."

सासूबाई म्हणाल्या, "बघा. घरची भाकरी सोडून हाटेलात."

सगळी हसली. मी बी हसले, आणि भांड्यातल्या काड्या परत निवडायला लागले. कळलं तर काय हुईल? पोरगीला घिऊन कुठं जाऊ? लिंबू-मिरची बांधून नवऱ्याचा हात मोडला म्हंजे पांढऱ्या पायाचीच म्हणतील मला.

दादाला तीन फोन केले. उचलला न्हाय.

९ ऑक्टोबर

आज पेठेत जे झालं ते वर्षभर लोक सांगतील.

ह्यांचा हात गेला, मग पन्हाळ्याला गाडी न्यायची कुणी? हंबीरमामा म्हणाला, "मी हाय की. वीस वर्षं टेंपो मारतोय, ह्या खेळण्याला काय भ्यायचं?" गाडी तालमीच्या मागं फुटबॉलच्या पटांगणात नेली.

ह्या गाडीचं सगळंच उलटं हाय. पायडलं तीन. डावं पुरतं दाबलं की गाडी पुढं जाती. मधलं दाबलं की मागं. उजवं दाबलं की थांबती. आणि पेट्रोल पायात न्हायच, स्टेरिंगच्या उजवीकडच्या दांडीला हातानं द्यायचं.

मामानं सवयीनं क्लच म्हणून डावं दाबलं. गाडी पुढं झेपली. घाबरून ब्रेक म्हणून मधलं दाबलं, तर गाडी फिरल्या चाकानं मागं सुटली आणि पाठीमागनं सरळ गोलपोस्टात. जाळी मामाच्या डोक्यावर. सरावाला आलेली पोरं एका दमात वरडली, "गोऽऽल!"

मामा जाळीतनं म्हणाला, "हसताय काय भडव्यांनो, वडा मला बाहीर!"

त्याच्यामागनं आणि दोन डायवर बसले. एक जीपवाला, एक ट्रकवाला. दोघांचे पाय तिथंच फसले. जेवढा डायवर जुना तेवढी गाडी जास्त उड्या मारायची.

मी राजनंदिनीला काखेत घिऊन बघत हुते. तोंडातनं निघून गेलं, "डावं निम्मंच दाबायचं, मग गाडी मोकळी ऱ्हाती." रोज ती पायडलं मीच पुसते. हे गाडी तपासताना वर बसून दाबायला बी मलाच लावतात. हे खाली आणि मी वर, आसं दोन वर्षं.

आण्णांनी मान वळवली. "तुला कुठली गाडी येती का गं?"

"न्हाय ओ आण्णा. सायकल बी धड येत न्हाय."

"मग बस."

"आत्ता गं बया!" सासूबाई म्हणाल्या. "तिच्या पदरात लेकरू हाय."

"लेकरू तुमी धरा. ह्या डायवरांच्या पायाला वीस वर्षांची खोड लागलीय. हिचा पाय कोरा हाय."

मी बसले. जीपवाल्यानं हँडल मारलं, इंजन लागलं. हे गाडीजवळनं चालत आले, प्लास्टर गळ्यात, आणि हळूच म्हणाले, "डावं. निम्मं. आता पुरतं. सोड." गाडी चालली. पटांगणाला चार फेऱ्या मारल्या. एकदा बी उडी न्हाय.

मी उतरले. तर जाळी शिवत बसलेली पोरं उभी राहिली आणि टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आजपत्तुर कुणी टाळ्या वाजवल्या न्हवत्या. लग्नात बी नवऱ्याच्या नावानंच वाजल्यात्या.

१५ ऑक्टोबर

शिकाऊ लायसन निघालं. पाट्या वळखायच्या हुत्या कॉम्प्युटरवर. आण्णांनी पाच दिवस पाठ करून घेतल्यात्या. आता शंभर वर्षांच्या गाडीला लाल अक्षरात एल लावलाय. शेजारी लायसनवाला लागतो म्हणून हंबीरमामा बसतो, दाराला धरून.

मला वाटायचं गाडी म्हंजे बाप्यांची. आण्णांनी आज सांगितलं की जगात पहिल्यांदा लांबच्या गावाला गाडी घिऊन गेलं ते एक बाईमाणूस. बर्था नाव. जर्मनीतली. अठराशे अठ्ठ्याऐंशी साल. नवऱ्यानं गाडी बनवली, खरं बाहीर न्यायला त्याचा जीव हुईना. हिनं एक दिवस पहाटं दोन पोरं घेतली आणि नवऱ्याला न सांगता गाडी काढली. शंभर किलोमीटरावर म्हायेर. वाटंत पेट्रोल संपलं. पंप तवा कुठले? औषधाच्या दुकानातनं घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन घालून साफ केली. ब्रेक घासला तर जोडे शिवणाऱ्याकडनं त्याला कातडं मारून घेतलं.

मी म्हणाले, "आण्णा, कोल्हापुरात आसती तर कापशीच्या चपलंचं कातडं मिळालं आसतं. जन्मभर ब्रेक बघायला लागला नसता."

सासूबाई म्हणाल्या, "औषधाच्या दुकानात पेट्रोल! मग पंपावर खोकल्याचं औषध मिळत आसंल."

काचंवरचं पाणी पुसायचा वायपर बी एका बाईनंच काढला म्हणं. आणि लंडनकडं कायदाच हुता, गाडीच्या पुढं एका माणसानं लाल झेंडा घिऊन चालायचं. मामा म्हणाला, "आपल्यात तालमीच्या पोरांना झेंड्याचं काम दिलं आसतं तर झेंड्यावरनंच भांडणं लागली आसती."

हे सगळं मला पन्हाळ्यावर लोकांना सांगायचंय. माईकवरनं. आण्णा म्हणतात गाडी जो चालवतो त्यानंच सांगायचं. भाकरी थापता थापता मी राजनंदिनीला सांगते. ती आता दारात येईल त्याला विचारती, "बर्था माहिताय?"

दादा फोन उचलत न्हाय.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

ताट करून ठेवलं हुतं. दादा आला न्हाय. आजपत्तुर एकदा बी चुकला न्हवता. आईबा गेल्यावर त्यानंच मला सांभाळलं, यंत्रमागावर रातपाळ्या करून माझं लग्न लावलं.

दुपारी कबनूरचा एक टेंपोवाला आला. म्हणाला, "ताईच्या गाडीची गोष्ट कबनूरपत्तुर आलीया. जोतीरामनं दिलंय. आणि सांगितलंय, ताईला म्हणावं फोन करू नको, काय बोलू नको, गाडी शिक नीट."

खोक्यात कापडी बूट. पातळ तळव्याचे, पायडल पायाला कळंल आसे. माझ्या मापाचे.

सासूबाई म्हणाल्या, "भावानं भाऊबिजेला साडी द्यायची सोडून बूट दिल्यात. बाईच्या पायात बूट!"

हे म्हणाले, "आई, चप्पल पायडलावरनं सटकती. त्याला कसं कळलं हे, आं?" आणि माझ्याकडं बघत ऱ्हायले.

मी म्हणाले ठावं न्हाय. एवढा राग हाय की आवाज बी नको झालाय माझा, तरी बहिणीची रीत चुकवली न्हाय त्यानं. बूट घातले आणि शेडात जाऊन रडून घेतलं. मग गाडी काढली. खरंच, पाय सटकत न्हाय.

१ नोव्हेंबर

रंकाळ्याला फेरी मारली. लोक भेळ खायची थांबली. एक म्हातारं म्हणालं, "पावणं, चालवतंय कोण? बाईमाणूस दिसतंय!" मामा म्हणाला, "दिसतंय न्हवं, हायच. माझी भाचेसून हाय." महिन्यामागं ह्योच म्हणत हुता बाईच्या हाताला गाडी लागली की गाडीचं बारा वाजलं.

आण्णा म्हणाले, पन्हाळा नीट केलास तर पुढं गाडीची कायमची चालक तूच. कुणी बघायला आलं की माहिती द्यायची बी तूच. पगार वेगळा, ह्यांच्याहून निराळा, माझ्या नावानं.

मला आनंद व्हायला पायजे.

९ नोव्हेंबर, रविवार

हात दुखायल्यात खरं लिव्हल्याबिगर झोप यायची न्हाय.

सकाळी निघालो. मी, शेजारी मामा, मागं आण्णा नवा फेटा बांधून. मागनं जीपमधनं हे, सासूबाई, राजनंदिनी. पंचगंगेचा पूल, वडणगे, केर्ली, सगळं निवांत. शेतातली माणसं उसातनं बाहीर येऊन हात करत हुती.

घाट सुरू झाला आणि पुढं गाड्यांची रांग. तासभर एका जागी धडधडत उभं. रांग सुटली, जरा वर गेलो आणि चढाच्या मधोमध गाडीनं दोन आचके दिले आणि गप. मी उजवं पायडल दाबून धरलं, हाताचा ब्रेक वडला. मामानं उतरून चाकाला दगड लावले. मागं वळून बघितलं तर नुसती दरी. मला वाटलं आता राजनंदिनीचं काय.

ह्या गाडीत पेट्रोलचा काटा न्हाय. सीट उचलायचं आणि टाकीत काठी बुडवून बघायचं, कणगीत धान्य बघतात तसं. मामानं बघितलं. "हाय की! चार बोटं हाय. मग का मेली?"

आण्णांनी एकदा चढाकडं बघितलं, एकदा टाकीकडं. मग मांडीवर थाप मारली. "पोरी, गाडी फिरव. तोंड खाली कर आणि उलटी चढव!"

मामा म्हणाला, "आण्णा, ऊन लागलं काय तुमास्नी?"

"आरं, ह्या गाडीला पेट्रोलचा पंप न्हाय. सीटखालच्या टाकीतनं आपसूक पुढं वहात जातंय. तोंड वर झालं आणि पेट्रोल कमी आसलं की इंजन वर, टाकी खाली, मग पोचतंय कसं? उलटं केलं की टाकी वर. आणि हिचा रिव्हर्स पहिल्या गेराहून ताकदीचा हाय. शंभर वर्षांमागं लोक चढ आसाच चढायचे."

दहाबारा माणसांनी धरून गाडी फिरवली. हँडल मारायला मामा पुढं गेला. म्हणाला, "दांडी वर हाय ना गं? मला दोनच मनगटं हायत."

मी बघितली. परत बघितली. तिसऱ्यांदा बोटानं चाचपली. "हाय मामा. मारा."

इंजन पहिल्या हँडलला लागलं. डावं निम्मं, मधलं पुरतं, मान मागं. गाडी वर सरकली. वर चढणारे सगळे बघायल्यात, मोबाईल वर काढल्याले. वळणावर पोलीस शिट्टी मारत आला, "ओ ताई! तोंड तिकडं हाय तुमचं!"

"साहेब, गाडीचं तोंड तिकडं हाय. माझं बरोबर हिकडंच हाय."

आण्णा एवढं हसले की फेटा सुटला. पोलीसच पुढं पळत रस्ता मोकळा करायला लागला. मामा म्हणाला, "घ्या, झेंडावाला बी मिळाला."

मागनं येणारी ह्यांची जीप आता माझ्या समोर आली. बॉनेटला बॉनेट. मान दुखली की घटकाभर पुढं बघायची, तवा ह्यांचं तोंड दिसायचं. हे मोडका हात काचंला लावून बसलेले. सासूबाई हात जोडून. राजनंदिनी नाचत. आणि त्यांच्या मागं आपण चढून आलेला सगळा रस्ता. सरळ चढणाऱ्याला त्यो दिसत न्हाय.

बूट घातलेला पाय त्या मधल्या पायडलावरनं एकदा बी हालला न्हाय.

वर पोचलो तवा लोकांनी गाडीला गराडा घातला. आण्णांनी माईक हातात दिला. मी बर्था सांगितली, वायपरवाली सांगितली, फोर्डसाहेबाच्या बायकोचं सांगितलं. काठी बुडवून दाखवली. एका शहरातल्या बाईनं विचारलं, "ताई, तुमचं शिक्षण काय?" मी म्हणाले, "सातवी. आणि ही गाडी." टाळ्या पडल्या. सासूबाई पदरानं डोळं पुसत शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून." आसं म्हणाल्याचं मला आठवत न्हाय कवा.

मला नारळ दिला, शाल दिली.

मग आण्णांनी माईक घेतला. रंगात आलते. ह्यांना पुढं वडलं आणि मनगटाची गोष्ट सांगितली. "हिचा भाऊ एक, कबनूरचा शाणा! फोटोला बसला आणि दांडी खाली वडून मोकळा! बहिणीनं गड चढवला आणि भावानं हात मोडला!" लोक खो खो हसले. मामा बी हसला. हे हसले न्हाईत.

मी शाल घिऊन उभी हुते. तोंड उघडलं. बंद केलं.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

कालच्या एवढं मोठं मला जन्मात कवा वाटलं न्हवतं आणि कालच्या एवढं बारकं बी न्हाय. दोन्ही एकाच माईकापाशी.

लई भ्याले. महिनाभर भ्याले. आज बी भ्यालेय. खरं काल घाटात गाडी बंद पडली तवा ज्यादा भ्यालते, आणि तरी पायडल सोडलं न्हवतं.

म्हणून ही वही आज आण्णांच्या टेबलावर ठिवणार. शेड उघडायच्या आदी. पुढची चार पानं सोडा, ती राजनंदिनीची हायत. मागनं वाचा.

आण्णा वाचतील, का हे वाचतील, का मामा, कोण बी. जो वाचंल त्याला सांगते. लिंबू-मिरची मी बांधली. दांडी माझ्यामुळं खाली आली. दादानं तिला बोट बी लावलं न्हवतं, त्याला उगंच वाटतंय लागलं म्हणून. चालकाचं काम काढून घ्यायचं तर घ्या, खोली सोडायला सांगायची तर सांगा. मी गाडी उलटी पन्हाळ्यावर चढवली हे तर आता कुणी काढून घेत न्हाय.

खरं आदी एक काम करा. माझ्या भावाला फोन लावा. माझा त्यो उचलत न्हाय, तुमचा उचलंल. नंबर पुठ्ठ्याच्या आत लिव्हलाय. म्हणावं, शेडाचं दार उघडं हाय, या. आणि नुसतं जोतीराम म्हणू नका. जोतीरामदादा म्हणा.